पडद्याकडे पाठ

सोपान बोर्डेच्या खिशात डोकेदुखीच्या बामची डबी कायम असायची. त्याचं स्वतःचं डोकं कधी दुखलेलं मला आठवत नाही. ती डबी दुसऱ्यांच्या डोळ्यांखाली लावण्यासाठी होती. आमच्या टॉकीजच्या दारात तिकीट काढून उभ्या असलेल्या एखाद्या गरीब चेहऱ्याच्या बाईला किंवा म्हाताऱ्याला तो बाजूला घ्यायचा, करंगळीनं डोळ्यांखाली बामची रेघ ओढायचा आणि डोळ्यांना धार लागली की मोबाईल समोर धरून विचारायचा, कसा वाटला कार्यक्रम? कार्यक्रम अजून सुरूसुद्धा झालेला नसायचा. लई भारी, असं ती बाई पदरानं डोळे पुसत म्हणायची आणि संध्याकाळपर्यंत ते रडणं जालन्यातल्या फोनाफोनांवर फिरत असायचं. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला शिसारी आली. सवयीनं किळस कमी होते म्हणतात, पण माझी काही झाली नाही.

टॉकीज माझ्या सासऱ्यांचं. मस्तगडापासून चालत जाण्याइतकं जवळ. नवऱ्याचं सगळं लक्ष मोंढ्यातल्या बियाण्यांच्या दुकानात, त्यामुळे मामंजींच्या माघारी ते माझ्या गळ्यात पडलं. जिल्ह्यात एवढा मोठा पडदा दुसरा नाही असं मामंजी सांगायचे, आणि अजून तरी त्यांना कुणी खोटं ठरवलेलं नाही. पण सिनेमे लोक घरी पलंगावर लोळून फोनवर बघायला लागले आणि आमच्या खुर्च्यांवर धूळ बसायला लागली. तेव्हा मी गाण्याच्या कार्यक्रमांचे चित्रपट आणायला सुरुवात केली. कव्वालीचे जलसे, परदेशी पोरींचे मैदानावरचे धिंगाणे, जुन्या गायिकांच्या मैफली. मोठ्या पडद्यावर ही गंमतच निराळी असते. गाणाऱ्याच्या गळ्यातली शीर दिसते, सारंगीवाल्याचं बोट माणसाएवढं होतं आणि मैफलीत पहिल्या रांगेत बसलेल्या श्रीमंतालाही दिसणार नाही ते परतूरहून आलेल्या मास्तरला दिसतं. हे मी ऐकीव सांगते. मी स्वतः तिकीट खिडकीतून कधी उठायची नाही.

जाहिरातीसाठी संभाजीनगरच्या एका कंपनीतली दोन पोरं येऊन गेली. त्यांचा आकडा ऐकून नवऱ्यानं त्यांना चहासुद्धा विचारला नाही. मग उरला सोपान. हा मामंजींच्या वेळचाच. पूर्वी रिक्षाच्या टपावर भोंगा बांधून गावभर सिनेमाचा पुकारा करायचा. भोंगे बंद झाले तसा त्यानं एक स्वस्तातला मोबाईल घेतला आणि चपलांच्या दुकानांपासून दातांच्या दवाखान्यांपर्यंत सगळ्यांचे व्हिडिओ करायला लागला. काम करताना जिभेचं टोक मोबाईलच्या काचेला लावायचा आणि काच शर्टाच्या कॉलरला पुसायचा. ते बघून मला जेवण जात नसे.

त्याची स्वतःची एक विद्या होती. आमच्या चित्रपटाचा एक तुकडा तरी दाखव म्हटलं तर तो मान हलवायचा. एक तर पडद्याचं चित्र घेणं गुन्हा, आणि दुसरं म्हणजे ते बिनकामाचं. "गाणं दाखवलं तर लोक फुकट पाह्यतील," तो म्हणायचा. "गाणं ऐकणारा दाखवा, मंग जळून जळून येतील. ताई, पिच्चर इकायचा न्हाई, तोंडं इकायची." आणि ही तोंडं कार्यक्रमाआधीच का, तर कार्यक्रम सुटला की लोक भोकरदनच्या बसमागे धावतात, मग कुणी रडायला थांबत नाही. हे सगळं तो भोंग्याच्याच आवाजात सांगायचा. हळू बोला म्हटलं तरी हळू बोलायचा नाही. फोन केला तर उचलायचा नाही. लिहून पाठवा, मी कामात आहे, असं उलट लिहून पाठवायचा. मला तो उर्मटपणा वाटे. पण त्याच्या व्हिडिओंनी माणसं येत होती, हेही खरं. किळस आणि गरज एकाच माणसाची असली की त्याला धरवत नाही आणि सोडवतही नाही.

एक गोष्ट मात्र मला सहन होईना. दारातलं काम संपलं की सोपान आत जायचा आणि पडद्याच्या बुडाशी, पडद्याकडे पाठ करून, कार्यक्रम संपेपर्यंत उभा राहायचा. हातात मोबाईल, नजर लोकांवर. अंधारात त्या मोबाईलमध्ये काय येणार? आतलं एकही चित्र त्यानं कधी जाहिरातीत वापरलं नव्हतं. मग हा माणूस बघतो काय? एके रविवारी शाळेतल्या एक बाई मध्यंतरात खिडकीशी आल्या आणि संकोचानं म्हणाल्या की तो माणूस सारखा आमच्या रांगेकडे बघत असतो. माझ्या मनात जे होतं तेच त्यांनी बोलून दाखवलं. माझा संताप मस्तकात गेला. मामंजींच्या वेळचा असला तरी आज याला बाहेर काढायचा, असं ठरवून मी आत शिरले.

पडद्यावर एका वृद्ध गायिकेची मैफल चालली होती. मी दार लोटलं आणि त्याच क्षणी आवाज गेला. यंत्रात काहीतरी बिघडलं असावं. एवढ्या मोठ्या पडद्यावर बाईंचं तोंड नुसतंच उघडत होतं आणि मिटत होतं. आधी चुळबुळ, मग शिट्ट्या, मग ओरडा सुरू झाला. सोपान पडद्याखाली तसाच उभा. लोकांच्या चेहऱ्यांवरून त्यानं एकदा नजर फिरवली, मला पाहिलं आणि लगबगीनं माझ्याकडे आला.

"ताई, कसलं भंगार गाणं लावलं?" तो म्हणाला. "आत्तापोत्तर बराबर चाललं होतं. पब्लिक पार नाराज झालं."

मी म्हटलं, आवाज गेलाय. त्यानं माझ्या ओठांकडे पाहिलं. मी पुन्हा सांगितलं. मग त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. वर आमच्या ऑपरेटरनं खटपट केली आणि आवाज परत आला. सोपान पडद्याकडे वळला नाही, भिंतीवरच्या कर्ण्यांकडेही त्यानं पाहिलं नाही. लोकांची तोंडं सैल झालेली पाहून तो म्हणाला, "आला."

तो ठार बहिरा होता, माणसांचं बोलणं ओठ बघून ओळखायचा. किती दिवसांपासून, हे त्याच्या घरच्यांनाही नीटसं ठाऊक नव्हतं. बाहेर पायरीवर बसून त्यानं मला सगळं सांगितलं आणि मोबाईलही दाखवला. तो बंदच होता. आतल्या अंधारात तो नेहमीच बंद असे. काम चाललंय असं वाटावं म्हणून नुसता हातात धरायचा.

"भोंगा टपावर अन् माझं डोस्कं त्याच्या बुडाशी," तो म्हणाला. "आधी एक कान गेल्ता, मंग दुसरा बी गेला. बहिऱ्याला जाहिरातीचं काम कोण देईल, ताई? म्हणून बोललो न्हाई. पण गाण्याचा लई नाद मला. घरात कुणी मोबाईलवर गाणं लावलं की त्याच्या तोंडाकडं पाह्यत बसायचो, पण त्या उजेडात नुसतं नाक दिसतं. तुमच्या पडद्याचा उजेड समद्यांच्या तोंडावर पडतो. तान वर गेली की भुवया वर जातात. समेवर मान येती. एवढ्या तोंडांवर एकदम सम आली ना, मंग मला ऐकू येतं."

मी तिथल्या तिथे विरघळले असं कुणी समजू नये. बामची डबी अजून त्याच्या खिशात होती आणि करंगळीला त्याचा वास येत होता. शाळेतल्या बाईंना मी पुढच्या वेळी बाल्कनीत जागा दिली आणि तो माणूस तसा नाही, एवढंच सांगितलं. सोपानचं गुपित मी राखलं. त्याची किळस मात्र पूर्वीसारखीच येत राहिली, फक्त आता ती निर्धास्तपणे करता येईना.

पुढे त्याचे व्हिडिओ जे चालले ते विचारू नका. परतूर, भोकरदन, कुठून कुठून माणसं यायला लागली. पण ती गाणं ऐकायला येत नव्हती, दिसायला येत होती. बायका लग्नाला निघाल्यासारख्या नटून यायच्या. आमचा डोअरकीपर सांगायचा, गाणाऱ्यानं तोंड उघडायच्या आत लोक डोळे मिटून माना हलवायचे. गडी मोबाईल उलटे धरून, पडद्याकडे पाठ करून, स्वतःचीच चित्रं काढत बसायचे. एका बाईंनी तर घरूनच बाम लावून येऊन आपल्याला आधी घ्या म्हणून दारात भांडण केलं. खुर्च्या भरल्या होत्या, नवरा खुश होता, आणि मला त्या खिडकीत बसून ओकारी यायची. चांगल्या गाण्याच्या समोर एवढी खोटी तोंडं एकत्र मी कधी पाहिली नव्हती.

सोपान आत जायचा आणि थोड्याच वेळात बाहेर येऊन पायरीवर बसायचा. असं दोन-तीन रविवार झालं तेव्हा मी विचारलं, काय झालं?

"काही ऐकू येत न्हाई," तो म्हणाला. आज पहिल्यांदाच तो हळू बोलत होता. "सम यायच्या आधीच माना हालतात. दुःखाच्या गाण्यावर हसून राह्यलेत, अन् मी मोबाईल वर केला की रडून राह्यलेत. कुणाच्याच तोंडावर गाणं न्हाई."

हे यांना शिकवलं कुणी, असं मी सरळच विचारलं. मला त्याची दया आली नव्हती असं नाही, पण राग जास्त आला होता.

"मीच," तो म्हणाला. "एकेकाला बाम लावता लावता समद्या गावाला लावला."

त्या दिवशी त्यानं काम सोडलं. डबी अर्धी भरलेली होती म्हणून फेकली नाही. आमच्या डोअरकीपरला देऊन टाकली, त्याचं डोकं खरोखर दुखायचं. व्हिडिओचं काम त्याच्या जावयानं उचललं. जावई परतूरचा, हुशार, त्याच्याकडे चेहऱ्यावर उजेड पाडणारी दिव्याची गोल चकती होती आणि खिशात नवी डबी होती.

त्यानंतर एका दुपारी सोपान टॉकीजवर आला. खेळ नव्हता. ऑपरेटर येत्या रविवारचा चित्रपट चालवून बघणार होता, त्याच वृद्ध गायिकेची मैफल लोकांनी पुन्हा मागितली होती. सोपान खिडकीशी उभा राहिला आणि म्हणाला की तुम्ही आत बसा, मला एकदा नीट ऐकायचंय. मी म्हटलं, मी कशाला? मला गाण्यातलं काही कळत नाही.

"कळायचं कशाला?" तो म्हणाला. "इतकी वर्षं पाह्यतो. मी दिसलो की तुमच्या तोंडावर किळस येती. एकदा बी लपवली न्हाई तुम्ही. जालन्यात तेवढंच एक तोंड खरं राह्यलं, ताई."

मी गल्ल्याला कुलूप लावलं आणि आत जाऊन मधल्या रांगेत बसले. स्वतःच्या टॉकीजमध्ये मी अशी पहिल्यांदाच बसत होते. सोपान पडद्याच्या बुडाशी उभा राहिला, पाठ पडद्याकडे, हात रिकामे. तो माझ्याकडे बघतोय या जाणिवेनं माझा चेहरा आधी लाकडासारखा झाला. पडद्याच्या कोपऱ्यातला डाग दिसला, तो कुणाकडून पुसून घ्यावा याचा विचार आला. मग बाईंनी एक स्वर लावला आणि तो सोडेचनात. त्यांच्या कपाळावरची आठी, कापणारी हनुवटी, तंबोऱ्याच्या भोपळ्यावर टेकलेला सुरकुतलेला हात, सगळं माझ्या अंगावर आल्यासारखं वाटलं. मामंजी का सांगायचे त्या पडद्याचं कौतुक, ते मला तेव्हा कळलं. सोपानला मी केव्हा विसरले ते ठाऊक नाही.

दिवे लागले तेव्हा तो तिथेच उभा होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यानं ते पुसलं नव्हतं.

"म्हातारी मधी एकदा चुकली, न्हाई का?" त्यानं विचारलं.

चुकली होती. एका जागेवर आवाज घसरला आणि त्या स्वतःशीच हसल्या होत्या.

"तुम्ही बी हसल्या," तो म्हणाला. "मंग तिनं सांभाळून घेतलं. बिलकुल बराबर ऐकू आलं."

मी हसले होते हे मला त्यानं सांगितल्यावर कळलं.

पुढे तो परतूरला लेकीकडे राहायला गेला आणि त्या हिवाळ्यात वारला. निरोप आला तशी मी रेल्वेनं परतूरला पोचले. अंगणात बायका बसल्या होत्या. जावयानं एका बाजूला काठीवर मोबाईल लावला होता, समोर ती गोल चकती पेटवली होती आणि तो एकेकाला त्यापुढे उभं करत होता. मला पाहून तो अदबीनं पुढे आला. श्रद्धांजलीचा व्हिडिओ आहे, दोन शब्द बोला, म्हणाला. मग आवाज उतरवून म्हणाला, "डोळ्यांत जरा पाणी आलं तर बरं होईल, ताई. अजून कुणाचं बराबर आलं न्हाई." आणि त्यानं खिशातून डबी काढून माझ्यापुढे धरली.

मी डबीला हात लावला नाही, वळून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मोबाईलच्या काचेवर माझं तोंड पाहिलं आणि चाचरत म्हणाला की असं नका करू, व्हिडिओत चांगलं दिसत नाही.

त्या वेळी माझ्या तोंडावर किळस होती की रडू, हे मला आजही सांगता येणार नाही. ज्याला ते बराबर वाचता आलं असतं तो आतल्या खोलीत, डोळे मिटून पडला होता.