नवरी बसेपर्यंत

माझ्या लग्नात नवरदेव कसा दिसेल यापेक्षा बँड कसा वाजेल याचीच मला जास्त काळजी होती. धसईपासून मुरबाडपर्यंतच्या लग्नांत बाबांचा बँड ठरलेला. पण मुलीचा बाप मांडवाच्या दारात फेटा बांधून पाहुण्यांना हात जोडत उभा राहतो. तो काही वरातीपुढे क्लॅरिनेट फुंकत चालत नाही. आणि बाबांशिवाय तो बँड एकदाही वाजला नव्हता.

अडचण सुरांची नव्हती, बाबांच्या डाव्या भुवईची होती. वाजवता वाजवता ती वर गेली की सगळे पुढच्या चालीवर जायचे. ती कधी वर जाणार हे बाबांनाही आधी ठाऊक नसायचं. नवरदेव पुढे सरकला, कुणाचं नाचून मन भरलं, समोरून एसटी आली, की ती उठायची. आई म्हणाली, "तुजे बाबा नसले तं ती पोरं एकच गाना संध्याकाळपर्यंत वाजवतील, बघ."

तेव्हा मी मुंबईत एका छोट्या स्टुडिओत कॉम्प्युटरवर नोटेशन लिहायचं काम करत होते. पाच रेघांची ती लिपी बाबा कल्याणच्या एका बँडमास्तरांकडे शिकले होते. मग त्यांनी ती बँडमधल्यांना शिकवली आणि घरी मला. लग्न ठरलं त्याच सुमारास एका संगीतकारांनी टाइप करायला अजब कागद आणून दिले. चौकटीत चार-पाच सूर, चौकटीपुढे लांब बाण, आणि खाली सूचना: हे सूर हवे तसे वाजवत राहा, खूण मिळाली की पुढे जा. याला ॲलिएटोरिक संगीत म्हणतात, असं त्यांनी मला फार गंभीरपणे समजावलं. कुठलं वाजवणं किती चालेल हे कागद ठरवत नाही, त्या वेळी जे घडेल ते ठरवतं. मला हसू आवरेना. अहो, हे तर आमच्या वरातीचं वाजवणं!

घोडं पेंड खात होतं ते सॉफ्टवेअरपाशी. त्याला दोन उभ्या रेघांमधला प्रत्येक खण मात्रा मोजून भरलेला लागायचा. जागा मोकळी सोडली की तिथे ते स्वतःच विश्रांतीच्या खुणा भरायचं, आगाऊ शेजारणीसारखं. शेवटी मी एक भलामोठा ताल लावला आणि त्याचा आकडा लपवला. उभ्या रेघा लपवल्या, विश्रांतीच्या खुणा लपवल्या, वरून चौकट आणि बाण काढले. संगीतकार खूश झाले. मी त्याहून खूश, कारण बाबांची भुवई कागदावर कशी आणायची ते मला कळलं होतं.

स्टुडिओने काढून टाकलेला कॉम्प्युटर मी गावी घरी आणला होता. भारनियमनातून वीज उरली की बाबा शेजारी बसून वाजवायचे आणि मी लिहायची. चौकटीत चाल, बाणाखाली सूचना. पहिल्या चौकटीखाली लिहिलं, 'नवऱ्याचा मामा नाचायचा थांबेपर्यंत.' शेवटची चाल पाठवणीची, बाबांनी स्वतः बांधलेली. तिच्याखाली लिहिलं, 'नवरी गाडीत बसेपर्यंत.' मग सगळं कॉम्प्युटरवर वाजवून दाखवलं. बाबांनी ते तीनदा ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

"तिन्ही टायमाला सारकाच वाजला गो. याला समोरचा मानूस दिसत नाय."

"त्याला नाही दिसत, पण तुमच्या पोरांना दिसेल ना?"

"बघू," म्हणाले आणि क्लॅरिनेट पुसायला लागले. लग्नात वाजवायचं नव्हतं तरी रोज पुसत होते. मला भरून आलं, म्हणून मी उगाच प्रिंटरवर ओरडले.

लग्नाच्या दिवशी वैशाखऱ्याहून वऱ्हाड आलं. मारुतीच्या देवळापासून वरात निघाली आणि अर्ध्या वाटेत अडली. तुम्ही थांबेपर्यंत चाल बदलणार नाही, हे बँडमधल्या ट्रम्पेटवाल्या काकांनी नवऱ्याच्या मामांना कौतुकाने सांगून टाकलं होतं. कागदावर आपला असा मान आहे म्हटल्यावर कुठला मामा थांबतो? मुहूर्त जवळ आला, भटजी आतबाहेर करू लागले, आणि मी घरात बाशिंग बांधून माझी पहिली चौकट पुन्हा पुन्हा ऐकत बसले. शेवटी बाबा मांडवाचं दार सोडून पुढे गेले आणि मामांना त्यांनी कडकडून मिठीच मारली. मिठीत माणूस नाचणार किती? चाल बदलली आणि वरात मांडवात आली.

मग सगळं माझ्या कागदाप्रमाणे झालं. संध्याकाळी पाठवणीसाठी जीप दारात आली. मी आईच्या गळ्यात पडले, मावश्यांच्या पडले, आणि बँडने शेवटची चौकट सुरू केली. बाबांची चाल बाबांशिवाय, पण अगदी त्यांच्यासारखी. जीपच्या दाराला हात लावला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी बसले की ही चाल थांबणार. तसं मीच लिहिलं होतं.

मी उभीच राहिले.

चाल फिरून आली, पुन्हा फिरून आली. वऱ्हाडाला वाटलं, पोरगी फार हळवी आहे. ट्रम्पेटवाल्या काकांचे गाल लाल झाले होते. फुंकता फुंकता ते माझ्याकडे पाहत नव्हते, सवयीने बाबांकडे पाहत होते. मीही पाहिलं. बाबा फेटा हातात घेऊन उभे होते, डोळे भरलेले. त्यांनी नुसती भुवई उचलली असती तरी सगळे थांबले असते. त्यांनी ती उचलली नाही.

तेवढ्यात काकांनी श्वासापुरता ट्रम्पेट खाली घेतला आणि म्हणाले, "बस गो बाय आता. तुजा बाप काय आमाला थांबवायचा नाय."

मी बसले.