सगळं ग्रँड

आयर्लंडमध्ये ‘ग्रँड’ या शब्दाला काडीची किंमत नाही. चहा ग्रँड, पाऊस ग्रँड, उशीर झाला तरी ग्रँड. म्हणजे ‘ठीक आहे, चला पुढे.’ पुण्याहून इथल्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून रुजू झाले तेव्हा आमच्या मोठ्या डॉक्टरांनी मला ‘यू आर ग्रँड’ म्हटलं, आणि मी आईला फोन करून सांगितलं की साहेब माझ्यावर भलतेच खूश आहेत. नंतर कळलं, लिफ्टचं दार धरून ठेवणाऱ्यालाही ते हेच म्हणतात.

हे साहेब आमच्या प्रसूती विभागाचे कन्सल्टंट. पाट्या टाकण्यात यांचा हात धरणारा कोणी नाही. गरोदर बाई टेबलावर आडवी होते न होते तोच पोटावर हात, बाळाचा ठोका ऐकला न ऐकला, ‘बेबीज ग्रँड’, की पुढची. बाईला इंग्रजी येत नसेल तर तेच वाक्य जरा मोठ्या आवाजात. जणू ती बहिरीच आहे. फोनवर दुभाष्या मिळतो, पण फोन उचलायचे कष्ट कोण घेणार?

व्हेनेझुएलाची एक पहिलटकरीण यायची. हॉटेलात खोल्या आवरायची, इंग्रजी जवळजवळ नाहीच. एकदा साहेब सुटीवर होते म्हणून ती माझ्याकडे आली. पोट दिसेना, गाल बसलेले. मी पोटाला मापाची टेप लावली, मग स्कॅन केला. बाळ वाढीत चांगलंच मागे पडलं होतं. मी दुभाष्या बाईंना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि विचारलं, दिवसभरात खातेस काय?

तिने अगदी अभिमानाने सांगितलं. सकाळी कॉफी, दुपारी सफरचंद, रात्री काही नाही. भूक लागली तर पाणी. का गं असं? तर म्हणाली, डॉक्टर दर वेळी सांगतात ना, बाळ ‘ग्रांदे’ आहे. स्पॅनिशमध्ये ग्रांदे म्हणजे मोठं. तिच्या बहिणीचं बाळ असंच मोठं होतं, बाळंतपणात अडलं आणि गेलं. म्हणून ही पोट मारून बाळ लहान ठेवत होती. डॉक्टरांचं ऐकत होती बिचारी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नुसत्या उपाशी राहण्यानेच बाळ खुरटलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण साहेबांनी एकदा जरी धड टेप लावली असती, तर ते कधीच लक्षात आलं असतं. ‘ग्रँड’ म्हणजे काय ते मी तिला फोनवरून समजावलं, पोटभर जेव म्हणून सांगितलं. ती आधी हसली, मग रडली.

साहेब परतल्यावर मी त्यांना हे सांगितलं. ते हसले. मनापासून, कपातला चहा हिंदकळेपर्यंत. मग जेवणाच्या सुटीत तोच किस्सा त्यांनी सगळ्यांना रंगवून सांगितला. पुढे विभागात रुग्णांशी संवाद कसा साधावा याचं शिबिर झालं, तर भाषण द्यायला हेच. रुग्णाच्या नजरेला नजर द्या म्हणे. लोकांना अशा माणसांची कीव येते, मला किळस येते.

शेवटी तिला आम्ही दाखल करून घेतलं आणि औषध देऊन कळा सुरू केल्या. मुलगी झाली. एवढीशी, पण वॉर्ड डोक्यावर घेतला तिने. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पलंगावर बसून लोणी लावलेला टोस्ट खात होती, चवीने. साहेब राउंडला आले, पाळण्यात डोकावले आणि म्हणाले, “शीज ग्रँड.”

बाईचा हात तोंडापाशीच थांबला. टोस्ट तिने परत ताटलीत ठेवला आणि ताटली हळूच लांब सरकवली. साहेबांना यातलं काही दिसलं नाही, ते पुढच्या पलंगापाशी पोहोचले होते. मी ताटली पुन्हा तिच्यापुढे ओढली आणि मराठीतच म्हटलं, “खा गं बाई, खा.”