वेर्नरला अजून माहीत नाही

नाना गेल्याचं मला पारोळ्याच्या स्टँडवर कळलं. मी धुळे-जळगाव गाडीवर कंडक्टर. नाना चारचौघांत सांगायचे, की हा बापू पारोळ्यात 'चला एरंडोलऽ' म्हणून ओरडला की तिकडं एरंडोलला प्रवासी पिशव्या उचलून उभे राहतात. त्या गुरुवारी कंट्रोलरनं मला खिडकीशी बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, "बापू, तुमचे जळगावचे मोटारवाले नाना गेले." मग जळगावपर्यंत मी नुसती घंटी वाजवत गेलो. एक म्हातारी म्हणालीसुद्धा, "आज कंडक्टर मुका शे का रे?"

नाना माझे जुने दोस्त. पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचे. आमच्याकडं उन्हाळ्यात चितांपेक्षा मोटारी जास्त जळतात, त्यामुळे त्यांना दम खायला फुरसत नसे. अशा माणसानं जर्मन भाषा का शिकावी, याची मी आजवर लोकांना सतरा कारणं सांगितली आणि सतराही खोटी आहेत. खरं एवढंच, की तांब्याची तार गुंडाळताना हात गुंतलेले असतात आणि कान मोकळे. त्या वेळी रेडिओच्या शॉर्टवेव्हवर नेमके जर्मनचे धडे लागायचे. पुढं वायरलेसची परीक्षा देऊन त्यांनी हौशी रेडिओचं, म्हणजे घरून जगाशी बोलायचं, लायसन्स काढलं, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत सेट बसवला आणि वर एवढी लांब एरियल ताणली, की त्यांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी, पहिल्याच दिवशी तिच्यावर चार गोधड्या वाळत घातल्या. त्या सेटवर त्यांना पूर्व जर्मनीतला वेर्नर सापडला. तो रेल्वेत फिटर. त्याला इंग्रजी येत नव्हतं, हे नानांच्या दृष्टीनं त्याचं सगळ्यात मोठं शिक्षण. दर रविवारी तिकडं सकाळचे नऊ, इकडं दुपारचे दीड. नाना जर्मनमधून केळीचे भाव सांगायचे, तो नानांच्या चुका दुरुस्त करायचा. खाली ताट वाढून अक्का जिन्यात उभ्या. "बापू भाऊ, ह्या माणूसले जेवाले बलावा. बठ्ठं थंडं व्हई गयं."

पहिल्याच वर्षी मार्च संपता संपता वेर्नर गायब झाला. पत्र्याची खोली अशी तापलेली, की सेटवर पापड ठेवला तर उलटायची गरज नव्हती. त्यात नाना ओळीनं चार रविवार दीड वाजता बसले. पलीकडं नुसती खरखर. "कंटाळला असेल माझ्या जर्मनला," म्हणाले. त्या महिन्यात त्यांनी भरलेल्या दोन मोटारी उलट्या फिरल्या. पाचव्या रविवारी वीज जाणार म्हणून ते तासभर आधीच वर गेले, तर वेर्नर घसा फोडून हाका मारतोय! उन्हाळ्यात तिकडं अख्खा देश घड्याळ तासभर पुढं करतो, हे खान्देशात कुणाला ठाऊक असणार? अक्कांनी एवढंच विचारलं, "मंग तठे दिन लवकर मावळस का?"

अशी दहा-बारा वर्षं गेली. मग नानांच्या घशाला गाठ आली. मुंबईत ऑपरेशन झालं, गाठ गेली आणि आवाजही गेला... पाटी-पेन्सिल घेऊन नाना घरी आले. पहिल्या रविवारी त्यांनी मला वर नेलं, पाटीवर देवनागरीत जर्मन लिहिलं आणि बोट माइककडं केलं. मी म्हटलं, "नाना, लायसन्स तुमचं, तोंड माझं, दोघं आत जाऊ." त्यांनी पाटी पुसून लिहिलं, 'तिथं मी अजून बरा आहे. तिथं तरी राहू दे.'

त्यांनी पुन्हा जर्मन लिहिलं आणि मी ते माइकमध्ये वाचलं. रेडिओत सगळ्यांचाच आवाज बदकासारखा येतो, त्यामुळे खपून गेलं. नाना लिहायचे, मी स्टँडवरच्या आवाजात म्हणायचो, ते बाहीनं पुसायचे. एकदा वेर्नर बराच वेळ काहीतरी बोलला आणि नानांचे खांदे गदगदा हलायला लागले. मी घाबरलो. त्यांनी लिहिलं, 'म्हणतो, या वर्षी तुझे उच्चार सुधारले.' ते हसणं होतं. आवाज नसलेलं हसणं फार वाईट दिसतं... गाठ परत आली, नाना काटकुळे झाले, अक्षर पाटीबाहेर सांडायला लागलं. पण एकाही वाक्यात दुखण्याचं नाव नाही. "त्याला सांगून टाका," असं मी दोनदा म्हणालो. दोन्ही वेळा त्यांनी कोरी पाटी पालथी ठेवली.

गुरुवारी ते गेले. रविवारी खाली माणसं बसायला आलेली. दीडच्या सुमारास मी उगाच वर गेलो आणि सेट लावला. वेर्नर होताच. "नाना... नाना..." मला एवढी वाक्यं पाठ, पण मेलेल्या माणसाचं एकही नाही. "डेड! नाना डेड!" मी ओरडलो. खरखर वाढली. तो पुन्हा म्हणाला, "नाना?" मागं अक्का कधी आल्या कळलं नाही. त्यांनी माझ्या हातातला माइक घेतला, कुठलं बटण दाबायचं विचारलं आणि शेजारणीला सांगावं तशा शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, नाना गयात. गुरुवारना दिन गयात. आते हाका नका मारू."

पलीकडं वेर्नर एकदम खुलला. बाईमाणसाचा आवाज त्यानं पहिल्यांदा ऐकला असावा. 'फ्राऊ, फ्राऊ', म्हणजे 'बाई, बाई' करत तो कितीतरी बोलला, हसला, आणि शेवटी जे म्हणाला तेवढं मला समजलं: पुढच्या रविवारी.

मी म्हटलं, "अक्का, पुण्याला जर्मन शिकवणारे आहेत. त्यांच्याकडून पत्र लिहून घेतो." अक्का म्हणाल्या, "नको. बठ्ठा गाव आते त्यास्ले कैलासवासी म्हनस. हाऊ एकच शे, जो जित्ता समजीसन हाका मारस."

मी पत्र लिहून घेतलं नाही. ते चूक की बरोबर, मला ठरवता येत नाही. परवाच्या रविवारी ड्युटी संपवून गेलो, तर अक्का पत्र्याच्या खोलीत स्टुलावर बसलेल्या, माइक बाजूला सारलेला. वेर्नर हाका मारत होता, थांबत होता, पुन्हा मारत होता. दर वेळी तो थांबला की अक्का मान वर करून पुढच्या हाकेची वाट बघत...