पंपसेट मामांचा टम्लर

पंपसेट मामा इंजिनाचं दुखणं कॉफीच्या टम्लरनं ओळखायचे. स्टीलच्या त्या पेल्याचं तोंड इंजिनाच्या अंगाला टेकवायचं, बूड कानाला लावायचं, डोळे मिटायचे, आणि मिनिटाभरात निकाल. "मागचा व्हॉल्व्ह. शिवाय हा मनुष्य ऑइल बदलत नाही." दोन्ही खरं निघायचं, आणि तो मनुष्य मान खाली घालायचा. मग त्याच टम्लरमध्ये कॉफी यायची. "आमच्या घरच्या कॉफीला डिझेलचा वास येतो मणून पाहुणे टिकत नाहीत," असं मामी आमच्या तंजावरी मराठीत म्हणायची. मामांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

ते माझ्या आईचे भाऊ. तंजावरात आम्हा मराठी माणसांना 'रायर' म्हणतात, म्हणून गावाला ते पंपसेट रायर आणि आम्हा भाचरांना पंपसेट मामा. पापनाशमच्या रस्त्यावर नारळीखाली त्यांचं वर्कशॉप होतं. ओरत्तनाडूपासूनचे शेतकरी पंपाची इंजिनं बैलगाडीतून, कधी बसच्या टपावरूनही घेऊन यायचे.

मामांना किलो मान्य नव्हते. पलीकडच्या भातगिरणीत वजनकाटा होता, म्हणून जगातल्या प्रत्येक वस्तूचं वजन ते भाताच्या साठ किलोच्या पोत्यात सांगायचे. माझं लग्न ठरत नव्हतं तेव्हा एका मुलाबद्दल त्यांचं मत आलं, "पोरगा बरा आहे, पण दोन पोती आहे." त्या एका वाक्यावर ते स्थळ गेलं. मी आजही त्यांची ऋणी आहे.

दुसरी सवय म्हणजे 'सरि'. तमिळमध्ये सरि म्हणजे बरं. काहीही विचारा, मामा मोठ्यानं "सरि, सरि" म्हणायचे. जेवायला किती माणसं आहेत, असं मामीनं विचारलं तरी सरि. आम्ही पोट धरून हसायचो. ते बोलायचेही ओरडून. वर्कशॉपमध्ये जन्म गेलेला माणूस ओरडूनच बोलणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग देशाची दारं उघडली, रस्त्यावर नव्या गाड्या आल्या आणि गल्लीत केबल टीव्ही आला. त्यावर मामांनी एक विलायती शर्यत पाहिली. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो, आणि पाव मैल सरळ सुटतात. दहा-बारा सेकंदांत सगळं संपतं. "वळायचंच नाही?" मामा उठून उभे राहिले. "मग आहे काय त्यात? इंजिन आणि वजन, बाकी अस्की शोभा." अस्की म्हणजे आमच्या बोलीत सगळं. पोंगलनंतर मद्रासजवळ एका जुन्या धावपट्टीवर अशीच शर्यत होणार आहे हे कळल्यावर तर त्यांना जेवण सुचेना.

आठवड्याभरात मांडवाच्या पाइपांतून आमच्या गाडीचा सांगाडा जोडून झाला. मामीनं प्लॅस्टिकच्या वायरची सीट विणली, आपल्या बाजारच्या पिशव्या विणतात तशी, लाल-पिवळी. ड्रायव्हर ठरवायला घरातली सगळी माणसं भातगिरणीच्या काट्यावर चढली. मी तेव्हा कॉलेजात गणित शिकवायला लागले होते आणि मोपेडवरून हिंडत होते. काटा माझ्यापाशी पाऊण पोत्यावर थांबला आणि मामांनी टाळी वाजवली. "रुक्कू चालवणार!" आईनं आकांत केला. "सरि, सरि," मामा म्हणाले.

राहिलं इंजिन. त्याला टर्बो बसवायचा होता. टर्बो म्हणजे काय, हे मामांनी मामीला स्वयंपाकघरात समजावलं. "बाहेर चाललेला धूर जाता जाता एक पंखा फिरवतो. तो पंखा वारा आत ढकलतो. वारा जास्त, तर पेट्रोल जास्त, तर ताकद जास्त."

"आणि इंजिनाचं पोट फुटलं मणजे?" मामीनं विचारलं. मला विचाराल तर त्या घरातली खरी इंजिनीअर तीच होती.

तिरुच्चीच्या भंगारातून एका डिझेल व्हॅनचा टर्बो आला आणि वर्कशॉपमध्ये तीन इंजिनं मांडली गेली. पहिलं जुन्या टॅक्सीचं, लोखंडी, अडीच पोती. कितीही वारा भरा, ते हूं का चूं करणार नव्हतं, पण आमच्या पाइपांच्या गाडीला ते जड होतं. दुसरं छोट्या गाडीचं, तीन सिलिंडरचं, जेमतेम एक पोतं. तिसरं एका अपघातातल्या नव्याकोऱ्या गाडीचं, अ‍ॅल्युमिनियमचं, चार सिलिंडर आणि वजन दीड पोतं. मामा त्याच्याभोवती नव्या जावयाभोवती फिरावं तसे फिरत होते.

तिन्ही एकेक करून सुरू केली. मामांनी टम्लर लावला, डोळे मिटले. तिसऱ्यापाशी त्यांचा चेहरा उजळला. "हेच. गातंय की ग हे!"

मला मात्र त्या गाण्यात खालून एक टक-टक ऐकू येत होती. मामीलाही येत होती, तिनं माझ्याकडे पाहिलं. चहा घेऊन आलेला हॉटेलवालाही क्षणभर थबकला. पण पंपसेट रायरांच्या कानावर शंका घेणारा माणूस आमच्या तालुक्यात जन्मला नव्हता. टर्बोच्या इंजिनाला अशी टकटक लागतच असेल, अशी आम्ही तिघांनी मनाची समजूत घातली. हा गाढवपणा आम्हीच करू जाणे.

हे इंजिन माझ्या पाठीमागे हातभर अंतरावर बसणार होतं. मामा ते सांगाड्यावर चढवायला लागले तेव्हा मी मागे उभी होते. "मामा, थोडं थांबा," मी म्हटलं. ते थांबले नाहीत. मी पुन्हा म्हटलं, ओरडून म्हटलं. मामा पाना फिरवत राहिले. मग मी समोर जाऊन तेच पुटपुटले, आणि माझ्या ओठांकडे बघून ते म्हणाले, "सरि, सरि."

आम्ही पोट धरून हसायचो ती 'सरि' मला तेव्हा कळली.

"मामा, तुम्हाला ऐकू येत नाही."

ते नेसलेल्या वेष्टीच्या टोकानं टम्लर पुसायला लागले. "मामीला ठाऊक आहे?"

"नाही. केव्हापासून?"

"दोन वर्षं झाली असतील. डिझेलनं खाल्ला कान."

"मग निकाल कसे देत होतात?"

"चाळीस वर्षं काम केलं की ग. शेतकऱ्याचं तोंड बघितलं की व्हॉल्व्ह कळतो."

"आणि ह्या इंजिनाचं तोंड बघून काय कळलं?"

मामा ओशाळले. "नवं दिसलं," म्हणाले.

मी त्यांना ती टकटक सांगितली आणि आम्ही ते इंजिन तिथंच खोललं. तळाचं एक बेअरिंग झिजून आतलं तांबं दिसत होतं. भर वेगात, वाऱ्याच्या दाबाखाली ते सुटलं असतं तर पिस्टनचा दांडा तुटून इंजिनाची भिंत फोडून आला असता, आणि त्याच्या पुढे मी बसले असते. मामांनी ते बेअरिंग तळहातावर घेतलं आणि उकिडवे बसून राहिले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

"माझ्या कानाची अब्रू राखायला तू त्यात बसणार होतीस," ते म्हणाले. "ऐकलंस तेव्हाच का नाही सांगितलंस?" मग उठून त्यांनी टम्लर माझ्या हातात दिला. "आता तू ऐकायचं. ऐकू येईल तसं सांग. मला बरं वाटावं मणून एक अक्षर विंगड सांगू नको." विंगड म्हणजे वेगळं.

शेवटी निवडलं ते एका पोत्याचं इंजिन. ते हलकं होतं, त्याचे भाग कुठल्याही गावात मिळत, आणि मामा ते अर्ध्या दिवसात खोलून पुन्हा जोडू शकत. "हाड बारीक आहे ह्याचं. वारा बेतानं द्यायचा," ते म्हणाले. जास्तीचा वारा सोडून देणारी स्प्रिंगची झडप त्यांनी बसवली. आतला दाब उतरावा म्हणून भांडी घडवणाऱ्या कारागिराकडून इंजिनाच्या झाकणाखाली बसणारं जाड तांब्याचं गॅस्केट कापून घेतलं. रोज संध्याकाळी मी टम्लर लावून आवाज सांगायचे आणि ते विचारायचे, "टक की टुक? सुका की ओला?" तोवर त्यांनी मामीलाही सांगून टाकलं होतं, त्यामुळे तीही शेजारी उभी राहून माझ्या चुका काढायची.

मद्रासला आमची पिशवीच्या वायरची सीट पाहून पोरं हसली. दिवा हिरवा झाला आणि बघता बघता शेजारची लांबलचक गाडी पुढे गेली. व्हॅनचा तो पंखा आमच्या चिमुकल्या इंजिनाला थोराड होता, त्याला जाग यायला वेळ लागायचा. मग एकदम कानामागे शिट्टी उठली आणि वायरच्या सीटनं मला उचलून फेकावं तशी गाडी सुटली. ती फेरी आम्ही जिंकलो. पुढच्या फेरीत पंखा उशिरा उठला आणि आम्ही सपाटून हरलो.

मामा धावत आले ते सांगाड्यावर तळहात ठेवायलाच. "कसं वाजलं?" परतीच्या गाडीत कुंभकोणम येईपर्यंत मी त्यांना ती शिट्टी सांगत होते. प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "पुन्हा सांग."

पुढे विजेचे पंप आले, वर्कशॉपमधली गर्दी ओसरली. तरी जो कोणी येई त्याच्या इंजिनाला मी कॉलेजातून येऊन टम्लर लावायचे आणि मामा निकाल द्यायचे. निकाल चुकला नाही. टम्लर कोणाच्या हातात आहे, ह्याची शेतकऱ्यांना पर्वा नव्हती.

शेवटच्या दिवसांत मामा खाटेवरच असत. एका दुपारी कालव्यापलीकडे कोणाचं तरी जुनं डिझेल इंजिन चालू झालं, खिडकीतून त्याचा धूर दिसत होता. मामांनी खाटेच्या दांडीवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. थरथर काही कळली नसावी. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "पंप चालू आहे ना? कसा वाजतोय?"

स्वच्छ वाजतोय, मामा, हे माझ्या ओठांवर आलं होतं. त्यांना तेवढंच हवं होतं असं वाटलं. मी नीट कान दिला.

"टक आहे, मामा. सुकी. खालून येते."

त्यांचा चेहरा तसाच उजळला, त्या तिसऱ्या इंजिनापाशी उजळला होता तसा. "बेअरिंग," ते म्हणाले. "जा, बंद कर मणून सांग त्याला."

मी फळीवरचा टम्लर घेतला आणि कालव्याकडे निघाले.