दादाचा राहिलेला सर्किट बोर्ड

दादाला जाऊन महिना झाला. यंत्रमागाचे सर्किट बोर्ड तो घरीच बनवायचा. एक बोर्ड अर्धवट राहिल्यामुळे एका कारखान्यातला माग बंद आहे.

म्हणून आज त्याचं डिझाइन घेऊन मी शुक्रवार पेठेत झेरॉक्सच्या दुकानात गेले. लेझर प्रिंट गुळगुळीत कागदावर काढून इस्त्रीने बोर्डावरच्या तांब्याच्या थरावर उतरवायची, एवढंच मला माहीत होतं.

"ताई, आरशात दिसतं तशी उलटी काढायची की! दादांनीच शिकवलंय मला," दुकानदार म्हणाले.

घरी इस्त्री फिरवली, कागद भिजवून सोलला. सगळ्या रेघा नीट उमटल्या होत्या. मी फोटो काढला आणि सवयीने दादालाच पाठवला.

शेजारच्या खोलीत त्याचा फोन वाजला. आई तो रोज चार्ज करते.

तुम्ही गेलेल्या माणसाचा नंबर कधी बंद केलात?