दुखणं उभ्या कामाचं नव्हतं

डॉक्टर मॅडमनी आजाराचं नाव सांगितलं आणि मी चक्क हसले. शेजारी बसलेल्या संतोषनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, घाबरून माझ्याकडे बघितलं. बायकोचं डोकं फिरलं असंच त्याला वाटलं असणार.

नाव होतं एंडोमेट्रिओसिस. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी जीभच वळेना. मी मॅडमना एकच विचारलं, "हे उभं राहून काम केल्यानं होतं का?"

"उभं राहून? नाही हो. कुणी सांगितलं तुम्हाला?"

कुणी सांगितलं म्हणून कुणाकुणाची नावं घेऊ? मला त्या निगडीच्या दवाखान्यातच मॅडमना मिठी मारावीशी वाटली. कारण त्याच आठवड्यात मी नोकरीचा राजीनामा देणार होते, आणि द्यायची माझी अजिबात इच्छा नव्हती.

मी चाकणला वायरिंग हार्नेसच्या लाइनवर आहे. गाडीतल्या सगळ्या वायरी एकत्र बांधून जो जुडगा तयार होतो, तो हार्नेस. तो शेवटी तपासून पास करायचं काम माझं. आम्ही कुरुळीत राहतो, माहेर लातूरकडचं. घरातून बाहेर पडून नोकरी करणारी आमच्याकडची मी पहिलीच मुलगी. ते काम मला मनापासून आवडतं, हे सांगायला लाजायचं कारण नाही.

पाळीत पोट दुखायचं ते शाळेपासून. लग्न झालं की थांबेल, म्हणाले. लग्न झालं, थांबलं नाही. मूल झालं की थांबेल, म्हणाले. मुलगी झाली, ती आता शाळेत जाते, दुखणं घरातच. मग मी कंपनीत लागले आणि सगळ्यांना एकदाचं कारण सापडलं. उभं राहून काम करते, म्हणून दुखतं.

आमच्या लाइनवर हे सगळ्याच बायकांना पक्कं ठाऊक होतं. जिची कंबर दुखली, पोट दुखलं, पाय भरून आले, तिला एकच उत्तर, "स्टँडिंग जॉब आहे ना बाई." फर्स्ट एड रूममधून एक गोळी घ्यायची आणि शिफ्ट काढायची. डॉक्टरकडे जायचंच झालं तर सुट्टीच्या दिवशी, म्हणजे दुखणं उतरल्यावर. तिथेही मी फक्त "पोटात दुखतं" एवढंच सांगायची. मग ॲसिडिटीच्या गोळ्या मिळायच्या. डॉक्टरांचा तरी काय दोष, मी त्यांना दुसरं काही सांगतच नव्हते.

आईचा फोन आला की तेच. "काय करलालीस गं त्या कंपनीत? दिवसभर उभं राहून मरलालीस नुसती. सोड की, माय."

आमच्या लाइन लीडर मंगलताई. त्यांनी माझ्यासाठी बरीच खटपट करून बसून करायचं स्टेशन मिळवून दिलं. पहिल्या महिन्यात खरंच कमी दुखलं. आम्ही सगळ्या इतक्या खूश झालो की कँटीनमध्ये पेढे वाटले. खुर्चीनं माणूस बरा झाला म्हणून पेढे वाटणारी आमचीच एक लाइन असेल.

पुढच्या पाळीत त्याच खुर्चीवर मी वाकडी झाले. त्याच्या पुढच्या वेळी तर आणखी. संडासला बसताना आतून सुरी फिरल्यासारखं व्हायचं. ते मी कुणाला सांगत नव्हते, संतोषलाही नाही. शेवटी तोही म्हणाला, "राहू दे नोकरी. तुझे हाल बघवत नाहीत." तो प्रेमानंच म्हणाला, पण मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी नोकरी सोडते म्हणून मंगलताईंना सांगायला गेले, तर त्या माझ्यावरच उखडल्या.

"हार्नेस रिजेक्ट झाला तर आपण काय करतो? एक गोष्ट बदलून ट्रायल घेतो. तरी फॉल्ट तसाच आला तर?"

"तर फॉल्ट दुसरीकडे आहे."

"मग! उभी होतीस तरी दुखत होतं, बसवली तरी दुखतंय. उगाच कंपनी सोडायला निघालीय. आधी बायकांच्या डॉक्टरकडे जा. आणि पोटात दुखतं एवढ्यावर उठू नको. कुठं, कधी, काय करताना, सगळं सांग. लाज घरी ठेवून जा."

मी जवळजवळ तशीच गेले. मॅडमनी खोदून खोदून विचारलं. पाळीच्या आधीपासून दुखतं का? संडासला, लघवीला जाताना? नवऱ्याजवळ जाताना? या शेवटच्या प्रश्नाला मी मान खाली घातली आणि हो म्हणाले. संतोष खिडकीबाहेर बघत होता. नंतर रिक्षात बसल्यावर त्यानं माझा हात धरला तो घरापर्यंत सोडला नाही.

मॅडमनी सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते. गर्भाशयाला आतून एक अस्तर असतं. त्याच्यासारखाच थर कधीकधी बाहेर, म्हणजे अंडाशयावर, आतड्यावर, गर्भाशयाच्या मागे वाढतो. पाळीच्या चक्राबरोबर तोही सुजतो, त्यातूनही रक्त येतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग तिथं सूज राहते, अवयव एकमेकांना चिकटतात आणि दुखतं. का होतं, ते अजून कुणालाच नीट माहीत नाही. साध्या सोनोग्राफीत दिसेलच असंही नाही. आधी एका डॉक्टरांनी काढायला लावलेली माझी सोनोग्राफी नॉर्मल होती, म्हणून मी स्वतःलाच नाटकी समजत होते.

मग एमआरआय. मोठ्या चुंबकाच्या मशीनमध्ये झोपवून पोटाच्या आतले फोटो काढतात. धातूचं काही चालत नाही, म्हणून माझं मंगळसूत्र, कानातलं, जोडवी, पिना सगळं संतोषच्या ओंजळीत. बाहेरच्या बाया त्याच्याकडे बघून हसत होत्या. आत ठोकाठोकीचा एवढा आवाज, की मला पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपशेजारी बसल्यासारखं वाटलं आणि चक्क झोप लागली. उठवायला आलेला मुलगा म्हणाला, "मॅडम, इथं कुणी झोपत नाही हो."

डाव्या अंडाशयावर चॉकलेट सिस्ट निघाली. म्हणजे जुनं, घट्ट, काळपट रक्त साठलेली गाठ. संतोष म्हणाला, "नाव तरी गोड आहे." त्या महिनाभरात त्यानं केलेला हा एकच विनोद, म्हणून मी हसून घेतलं.

गोळ्यांनी पुरेसा आराम पडेना, तेव्हा लॅपरोस्कोपी ठरली. पोटाला मोठी चीर न देता लहान छिद्रांतून दुर्बीण घालून ऑपरेशन. भीती वाटली का? वाटली. स्ट्रेचरवर माझे दात वाजत होते. सिस्टर म्हणाली, "एसी जास्त आहे हो," आणि वर पांघरूण घातलं. एसीचं नव्हतं ते, तिलाही ठाऊक होतं.

शुद्धीवर आले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "गाठ काढली. चिकटलेलं होतं, ते सोडवलं. इतकी वर्षं कसं काय सोसलंत तुम्ही?" मला रडू फुटलं. मी नाटकी नव्हते.

त्यानंतरची मोठी परीक्षा म्हणजे गॅस पास होणं. आतडी पुन्हा चालू झाल्याची ती खूण. जो येईल तो तेच विचारायचा. लातूरहून आलेली आई तर खाटेशी पहारा देऊन बसली होती. अखेर ती शुभवार्ता आली, तेव्हा आईनं अख्ख्या वॉर्डात ऐकू जाईल अशी हाक मारली, "ओ सिस्टर, झालं बरं का आमच्या पोरीचं!" समोरच्या खाटेवरच्या आजींनी टाळ्या वाजवल्या. टाके दुखत होते तरी मला हसू आवरेना.

दुपारी वॉर्ड शांत होता. आई माझ्या पायांना तेल लावत होती. एकदम म्हणाली, "मला बी असंच व्हायचं. तुझ्यापेक्षा जास्त."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? मला वाटायचं, वाकून खुरपून व्हतंय. समद्या बायांना व्हतंय."

आईला नेमकं काय होतं, ते आता कळायचा मार्ग नाही. पण तिचं खुरपणं आणि माझं उभं राहणं, दोघींनी आपापल्या कामालाच दोषी ठरवलं होतं. तिची पाळी बंद होऊन किती तरी वर्षं झाली, तरी हे ती आज पहिल्यांदाच सांगत होती. मी तिला जवळ घेतलं.

आजार मुळासकट गेला का, असं तुम्ही विचाराल. नाही. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, तो परत येऊ शकतो, म्हणून हॉर्मोनच्या गोळ्या चालू आहेत. फिजिओथेरपीही करते. पेल्विक फ्लोअर, म्हणजे ओटीपोट खालून तोलून धरणारे स्नायू, वर्षानुवर्षं दुखणं सोसून आवळलेलेच राहतात. ते श्वासाबरोबर सैल सोडायला शिकवतात. सोपं वाटतं, पण मला ते हार्नेस शिकण्यापेक्षा अवघड गेलं. अधूनमधून दुखतं. आता मात्र घाबरायला होत नाही, कारण काय दुखतंय ते मला माहीत आहे.

म्हणून मैत्रिणींनो, पाळीत दर वेळी कामं अडतील इतकं दुखत असेल तर "बायकांना होतंच" यावर गप्प बसू नका. दुखत असताना जा. सगळं सांगा, लाज वाटते तेही सांगा. एका डॉक्टरनं ऐकलं नाही तर दुसरीकडे जा. माझं ऐकणाऱ्या मॅडम, मंगलताई आणि माझा तो ओंजळवाला नवरा, या तिघांचे उपकार मी विसरणार नाही.

मॅडमनी परवानगी दिली आणि मी पुन्हा कामावर निघाले, त्या सकाळी आई हट्टानं कंपनीच्या बसपर्यंत आली. डबा तिच्याच हातात. रस्त्यात भेटेल त्याला सांगत होती, लेक कामाला चाललीय म्हणून. बस आली तशी तिनं माझा पदर नीट केला, डबा दिला आणि विचारलं, "कवा येतीस?"

"शिफ्ट सुटली की. ओव्हरटाइम लागला तर उशीर होईल, आई."

आई पाठीवर थाप मारून म्हणाली, "कर की मग, ओव्हरटाइम!"