बारा नाण्यांतला साप

निवृत्त झालो, पण विचुंब्यातली ती चोरी अजून मनातून जात नाही. पनवेलला माझी शेवटची नेमणूक होती. तक्रारदार सिंगापूरला नोकरी करून परतलेले गृहस्थ. चिनी लोकांत दर वर्षाला एक प्राणी असतो. त्या प्राण्याचं चित्र असलेलं सोन्याचं नाणं यांनी वर्षागणिक घेतलेलं. उंदरापासून डुकरापर्यंत बारा नाणी, प्रत्येक आपापल्या डबीत. घरात कुणाला हात लावू देत नसत. त्यांतलं एक गेलं होतं.

संशय अर्थातच कामवाल्या मावशींवर. आमच्या गाडीने त्यांना सोसायटीच्या फाटकातून सगळ्यांच्या देखत पोलीस ठाण्यात आणलं. महिला हवालदारांनी उलटसुलट विचारलं. मावशींचं एकच, "आमी त्या कपाटाला फडकं पन नाय लावलं." रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. सराईत चोर जास्त बोलतो, हा माझा अनुभव.

पंचनामा वाचताना मी अडलो. गेलं ते सापाचं नाणं. सोनं सगळ्यांत सारखंच, कपाटही फोडलेलं नाही. मग बाकीची अकरा सोडून सापच का? चोर काय पंचांग बघून हात मारतो?

सोन्याचा नाग करून नदीत सोडतात, हे मला आईमुळे माहीत होतं. मी पुन्हा त्या घरी गेलो. गृहस्थांना बाहेर बसवलं आणि त्यांच्या पत्नीला विचारलं, "काकू, नाग कुठं सोडलात?"

त्यांनी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. सुनेला मूल होत नव्हतं, गुरुजींनी सर्पदोष सांगितला होता. नाग घडवायला नवऱ्याने साफ नकार दिला, म्हणून त्यांनी सापाचं नाणं आपटा गावाजवळ पाताळगंगा नदीत सोडलं. मावशींना नेलं तेव्हाही नवऱ्याच्या धाकाने गप्प राहिल्या. मला त्यांची कीव आली, आणि संतापही.

हे कळल्यावर गृहस्थांनी ठाण्यात येऊन तक्रार मागे घेतली. मावशींना म्हणाले, उद्यापासून कामाला या. मावशी जागच्या हलल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सायेब, मला नेताना सगल्यांनी बगलं. सुटले ते कोन बगनार?"

मी गाडी काढायला सांगितली. तीच गाडी. मावशींना पुढे बसवलं, गृहस्थांना मागे. फाटकाशी नेहमीसारखी माणसं उभी होती. गृहस्थ उतरले आणि पुटपुटले, "नाणं आमच्याच घरातल्यांनी घेतलं होतं. मावशींनी नाही."

"मोठ्याने सांगा," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा सांगितलं. मावशी तेव्हा कुठे गाडीतून उतरल्या. त्या घरी पुन्हा कामाला मात्र गेल्या नाहीत.

संशयिताला ठाण्यात आणायला एक हवालदार पुरतो. त्याची अब्रू जिथून उचलली तिथेच परत नेऊन ठेवणं, हे अधिकाऱ्याचं काम.